शफलमधला हरिपाठ

सकाळी ८.३०

शटर अर्धंच वर गेलं होतं, तोवर ट्रॅक्टर दारात. मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या, साखळ्यांमध्ये उसाचं पाचट अडकलेलं. पोरगं रात्रभर कारखान्याच्या रांगेत जागून थेट दुकानावर आलं होतं. "दादा, टेप वाजायलंय, पण बाई गाईनात."

लावून बघितलं. ढोलकी आहे, पेटी आहे, मागचा कोरसही आहे. गळा तेवढा गायब. लोकांना ही भुताटकी वाटते, पण हिशोब सोपा आहे. रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याचा आवाज सहसा डावीकडे आणि उजवीकडे सारखाच ठेवतात. ऑक्सच्या पिनेचं अर्थिंग सुटलं की टेपपर्यंत दोन्ही बाजूंची फक्त वजाबाकी पोचते. जे दोन्हीकडे सारखं, ते कटलं. पोरानं जुन्या इअरफोनची वायर कापून ऑक्सला जोडली होती. इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, साध्या ऑक्सच्या पिनेवर दोन. माइकसाठीची ती जास्तीची पट्टी टेपच्या सॉकेटमध्ये भलत्या जागी येते आणि अर्थिंग अधांतरी राहतं. नवी केबल लावली, बाई गायला लागल्या.

मग म्हणाला, एक ॲम्प वाढवून द्या. नाही म्हटलं. माझं पोट आवाजावर चालतं, तरी उसाच्या ट्रॅक्टरला मी यापेक्षा मोठा आवाज करून देत नाही. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकू यायला पाहिजे. तो दुसरीकडून बसवून घेणार, हे मला माहीत आहे.

१०.००

जुनी हॅचबॅक, टेप ऑनलाइन मागवलेला, बसवला घरीच. तक्रार अशी की चावी काढली की टेप सगळं विसरतो. घड्याळ बारावर, जोडलेला मोबाइल गुल, बेसची सेटिंग गुल. टेप बाहेर ओढला. पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, टेपची आठवण तिच्यावर चालते, लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होते, काळी अर्थिंगची. इथं पिवळी आणि लाल दोन्ही चावीच्याच लाइनवर पिळून वर सेलोटेप गुंडाळलेला. सेलोटेप! मार्च-एप्रिलच्या उन्हात डॅशबोर्डच्या आत त्याचा गोंद वितळून खाली ओघळतो आणि तांबं उघडं पडतं. सोल्डर मारला, वर स्लीव्ह चढवली, पिवळी फ्यूजमधून थेट बॅटरीवर घेतली. मागच्या एका स्पीकरच्या प्लस-मायनसही उलट्या होत्या. एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि बेस मधल्या मध्ये मरतो. गिऱ्हाइकाला वाटत होतं स्पीकरच हलके आहेत.

११.३०

महाशिवरात्र दोन दिवसांवर आली आहे, त्यामुळे औंढा नागनाथला जाणाऱ्यांच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. एक नवीकोरी गाडी आली, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. चालवणारा मुलगा, शेजारी बाबा: धोतर, टोपी, आणि मुठीत तळहाताएवढा लाल प्लेयर. पंढरपुरातून आणलेला, आत मेमरी कार्ड, कार्डात हरिपाठ आणि थोडी भजनं. त्याची बटणं अंगठ्यानं घासून पांढरी पडलेली.

"यांना गाडीत हेच पाहिजे," मुलगा म्हणाला. "मोबाइलवर लावून दिलं होतं. चौथ्या अभंगानंतर मसाल्याची जाहिरात लागली. तेव्हापासून मोबाइलला हात लावू देईनात."

गाडीला ऑक्स नाही. अलीकडच्या कितीतरी गाड्यांना नसतो. सीडी गेली, मग ऑक्स गेला, आता यूएसबी आणि ब्लूटूथ उरलंय. प्लेयरला ब्लूटूथ नाही. गाणी एफएमवरून पाठवणारा छोटा ट्रान्समीटर लावता येतो, पण ८७.५ ते १०८च्या पट्ट्यात रिकामी जागा शोधावी लागते. गावात रिकामी सापडलेली जागा वाटेत दुसऱ्या स्टेशनच्या पट्ट्यात गेली, की हरिपाठात बाजारभाव मिसळतात. म्हणून मुलानं आपल्या बुद्धीनं कार्ड रीडरमध्ये घालून यूएसबीला लावलं होतं. आवाज आला. पण बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "गाडी हरिपाठ उलटसुलट म्हणायलीय," ते म्हणाले. "अकरा झाला की तीन. तीन झाला की वीस."

स्क्रीनवर कोपऱ्यात एकमेकांना ओलांडणारे दोन बाण पेटलेले होते. शफल. ते बंद केलं. आता पहिला लागला, त्याच्या मागोमाग दहावा, मग अकरावा. कारण फाइलींची नावं १, २, ३ अशी होती आणि हा टेप आकड्याची किंमत बघत नाही, अक्षरं बघतो. एकानं सुरू होणारी सगळी नावं त्यानं एका रांगेत उभी केली. काही टेप तर नावही बघत नाहीत. जी फाइल आधी कार्डात उतरली ती आधी वाजवतात. दोन्हीवर उपाय एकच. सत्तावीस फाइलींना ०१ ते २७ नावं दिली, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केला आणि एकेक करून क्रमानं कॉपी केली. फॅट-३२ जवळजवळ प्रत्येक टेप वाचतो. एनटीएफएस आणि एक्सफॅटचं सांगता येत नाही. नावं मराठीत ठेवली नाहीत, कारण पुष्कळ टेपांत देवनागरीच नसते आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

बाबांनी मध्येच विचारलं, "माझ्या मशीनमधलं गेलं तर नाही ना?" नाही गेलं, कार्ड जसंच्या तसं परत घातलं. मग ते पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, सगळे ऐकल्याशिवाय उतरणार नाही. मुलानं माझ्याकडे बघितलं, मी चहावाल्याकडे. एकविसाव्यापर्यंत मी दुसऱ्या गाडीचा दरवाजा उघडून स्पीकर बदलला.

दुपारी १.३०

डबा. लाइट नाही, म्हणजे सोल्डरही नाही.

२.३०

हळदीची पोती भरून सांगलीला निघालेला ट्रक. आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गाड्या सांगलीची वाट काही सोडत नाहीत. ड्रायव्हरची तक्रार टेपची नव्हतीच, बॅटरीची होती: दोनातली एकच सारखी मरते. मोठ्या ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट करतात आणि टेप चालतो बारावर. कुणीतरी शॉर्टकट मारून दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून टेप, पंखा आणि मोबाइलचा चार्जर घेतला होता. ती रोज जास्त रिकामी होणार, आणि अल्टरनेटर दोघींना मिळून एकत्र भरतो, त्याला एकीची भूक कळत नाही. चोवीसचं बारा करणारा कन्व्हर्टर लावला. टेपपेक्षा तो महाग पडला, यावर ड्रायव्हरनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

४.१५

नांदेडच्या एका कॉलेजातले सर. वसमतला सासुरवाडी, त्यामुळे सुट्टीत गाडी माझ्याकडे येते. त्यांनी रुमालात गुंडाळलेला आयपॉड काढला. १६० जीबीचा क्लासिक, मधे गोल चक्र असलेला. पहिला आयपॉड २००१ साली आला, हा क्लासिक २०१४ साली बंद झाला, आणि २०२२च्या मे महिन्यात कंपनीनं आयपॉड हा प्रकारच गुंडाळला. सरांचा मात्र चालू आहे. किशोरीताई, भीमसेनजी, मल्लिकार्जुन मन्सूर; आपल्या सीड्यांवरून एकेक करून भरलेलं. त्यांच्या आधीच्या गाडीच्या टेपवर 'आयपॉड' असं चक्क बटण होतं. नव्या गाडीत टाइप-सी आहे, मोठी स्क्रीन आहे, आणि आयपॉड लावला की ती नुसता चार्ज करते.

पहिला प्रयत्न ब्लूटूथ ट्रान्समीटरचा. हेडफोनच्या सॉकेटमध्ये खोचायची बोटाएवढी डबी. गाडीनं सहा आकडे दाखवले आणि विचारलं, समोरही हेच दिसताहेत का? डबीला स्क्रीनच नाही, ती हो कुठून म्हणणार? काही गाड्या समजून घेतात. ही घेईना.

मग आतला माल बाहेर काढायचा ठरवलं. आयपॉड कॉम्प्युटरला लावला की गाणी दिसत नाहीत, कारण ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. तिथं पोचलात तरी फाइलींची नावं चार-चार अक्षरांची, अर्थ नसलेली. यमन कुठला आणि भूप कुठला, काही कळत नाही. पण प्रत्येक फाइलच्या पोटात गायकाचं, रागाचं नाव टॅग म्हणून शाबूत असतं. त्यावरून नावं परत लावणारं सॉफ्टवेअर मिळतं. ते लावून दिलं आणि सरांना सांगितलं, रात्रभर कॉपी होऊ द्या.

नमुन्यादाखल एक पेन ड्राइव्ह लगेच भरला. सर खूश झाले, पाच मिनिटांनी नाखूश. गाडी बंद करून चालू केली तर चाळीस मिनिटांचा ख्याल पुन्हा पहिल्या आलापापासून. चित्रपटाच्या पाच मिनिटांच्या गाण्याला हे चालतं. शास्त्रीयवाला दर पेट्रोल पंपावर पहिल्या समेवर येतो. काही टेपांत जिथं थांबलं तिथून पुढे जाण्याची सोय असते. या गाडीत ब्लूटूथवर आहे, यूएसबीवर नाही. म्हणजे शेवटी गाणी जुन्या एका मोबाइलमध्ये भरायची, त्यात सिम नको, नेट नको, आणि तो मोबाइल गाडीतच ठेवायचा.

"ब्लूटूथवर तानपुरा पातळ ऐकू येतो," सर म्हणाले. येत असेल. ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतं, ते खरंच आहे. पण आमच्या रस्त्यांवर ऐंशीच्या वेगानं, खाली टायरांची घरघर चालू असताना तो फरक ज्याला कळेल, त्याला मी हात जोडतो. मला स्वतःला वायरच आवडते, पण कारण निराळं: वायर खराब झाली तर कुठं खराब झाली ते सापडतं.

सायंकाळी ६.३०

काळीपिवळीवाला. मोबाइल ऑक्सला लावला की सूं आवाज. गाडी पळवली की सूं वर चढतो. मी त्याच्या शेजारी बसून नांदेड रस्त्यानं थोडं पुढे गेलो. ॲक्सिलरेटर दाबला की चढ, सोडला की उतार, म्हणजे अल्टरनेटर. चार्जरची पिन काढली, आवाज बंद. चार्जर आणि ऑक्स दोन्ही लावल्यावर मोबाइलचं अर्थिंग दोन वाटांनी गाडीला जोडलं जातं, आणि त्या दोन वाटांमधला फरक स्पीकरला गाणं वाटतो. मधे आयसोलेटर टाकला: आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर, आवाज चुंबकाच्या जोरावर पलीकडे जातो, तांब्याला तांबं लागत नाही. स्वस्तातला बेस थोडा खातो, हे आधीच सांगितलं.

"आणि चार्जरच नाही लावला तर?"

तर फुकट. त्यानं थोडा विचार केला, आयसोलेटर काढून परत माझ्या हातात दिला, आणि चार्जिंग घरून करून निघेन म्हणाला.

८.१०

नांदेडच्या होलसेलवाल्याला फोन. दोन रेघांच्या पिनेच्या ऑक्स केबली, आठ जीबीचे पेन ड्राइव्ह (त्यानं सांगितलं आता आठचे येत नाहीत, बत्तीसचे घ्या), चोवीस-बाराचे कन्व्हर्टर. आयसोलेटर नको, एक परत आलाय.