व्हॅनचा पेट्रोल पंप : घरी काय जमते, काय नाही

मारुतीची ओम्नी व्हॅन १९८४ साली आली, २०१९ साली तिचे उत्पादन थांबले; पण अनेक घरांचे येणे-जाणे अजून तिच्यावरच आहे. चढावर ती दम टाकते, मध्येच बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. मेकॅनिक लगेच कार्ब्युरेटर खोलायला बसतो. आम्ही म्हणतो, आधी पंप पाहा.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली, आणि पंप त्यालाच बोल्टने बसवलेला. आतला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, खालीवर होऊन टाकीतले पेट्रोल ओढतो. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणून ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी हलवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंगे जातात. मग खर्च पंपाचा राहत नाही, इंजिनाचा होतो. पंपाबरोबर ऑइलही बदला.

इंजिन थंड हवे, जागा उघडी हवी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी. विडी-काडी आणि मुले दोन्ही लांब. येणाऱ्या व जाणाऱ्या नळीवर आधी खुणा करा. जुने गॅसकेट खरवडून नवे घाला. कडक झालेली नळीही बदला, तिथे काटकसर नको. गाडी सुरू केल्यावर ओल दिसते का, ते बघाच. गळती झाली तर ती बसणाऱ्यांच्या खालीच असते.

नंतरच्या एमपीएफआय व्हॅनमध्ये पंप टाकीत असतो, विजेवर चालतो आणि नळीत दाब असतो. ते काम गॅरेजचे.