चाकलेपन, मालमोटारीचे
मालमोटारीच्या चाकाला गंजापासून वाचविण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर दिलेला संरक्षक थर. पोलादी चाकाला खडी, चिखल, खारी हवा आणि गतिरोधकाची उष्णता यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते.

लेपाचा टिकाऊपणा मुख्यत्वे पूर्वसंस्कारावर अवलंबून असतो. जुना रंग व गंज कणांच्या झोताने काढून जस्त फॉस्फेटाचा पातळ थर देतात. त्यावर विद्युत् निक्षेपणाने सु. २० मायक्रोमीटर जाडीचा एपॉक्सी अस्तरलेप बसतो. तो कानाकोपऱ्यांतही पोहोचतो. बाहेरचा पॉलिएस्टर चूर्णलेप सु. १८०°–२००° से. तापमानाच्या भट्टीत पक्का करतात. एपॉक्सी चूर्ण उन्हाने खडूसारखे भुरभुरते, म्हणून ते बाह्य थरास चालत नाही. क्रोमियम विलेपन आकर्षक दिसते. पण त्याला चीर पडली की खालचे पोलाद झपाट्याने गंजते.

लेप जितका जाड तितका चांगला, हा समज मात्र घातक आहे. चाकाची तबकडी तुंब्याला टेकते तेथे किंवा नटांच्या बैठकीवर जाड रंग राहिल्यास तो दाबाखाली चेपतो, बोल्टांचा ताण उतरतो, नट सैल होतात आणि धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. म्हणून हे भाग झाकून लेपन करतात आणि चाक बसविल्यानंतर सु. ८०–१६० किमी. अंतर कापल्यावर नट पुन्हा आवळतात.

घडीव ॲल्युमिनियमाची चाके भट्टीत तापवू नयेत. उष्णतासंस्काराने आलेले त्यांचे बळ घटण्याचा धोका असतो. ती घासून चकाकविणेच बरे. पोलादी चाकांना फिकट रंग सोयीचा, कारण सैल नटांभोवती उतरणारे गंजाचे ओघळ त्यावर चटकन दिसतात.