कर्नल पॅनिक म्हणजे नेमकं काय?

व्हर्च्युअल सर्व्हर अचानक थिजला की ‘हार्डवेअर गेलं’ असं अनेकांना वाटतं. बहुतेकदा तसं नसतं. आत सावरता न येणारा बिघाड दिसताच, डेटा खराब होऊ नये म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच काम थांबवतो, हेच पॅनिक. फ्लॅटमधला एमसीबी पडावा तसं: शेजाऱ्यांचे दिवे चालूच, कारण प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचा कर्नल वेगळा.

अपडेटनंतर ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ दिसलं, तर डिस्क मेलीच असं नाही. बूट विभाजन भरल्यामुळे इनिट्रॅमएफएस (बूटवेळची तात्पुरती फाइलप्रणाली) तयारच झालेली नसते, हे नेहमीचं. जुना कर्नल निवडून बूट करावं, जागा मोकळी करावी.

चालत्या सर्व्हरवरचं पॅनिक जास्त चकवतं. शेवटच्या ओळी डिस्कवरच्या लॉगपर्यंत बहुधा पोहोचतच नाहीत; त्या सिरियल कन्सोलवर सापडतात, आणि केडम्प ही सोय आधीच चालू असेल तर मेमरीची प्रतही मिळते.