कांद्याच्या शेतातले गंधकाम्ल

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांदा आणि कापूस येतो, तेव्हा त्यामागचा बियाणे, मजुरी, पाणी आणि खताचा खर्च शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, त्या हिशेबात कुणी धरत नाही. ॲसिड म्हटले की गाडीची बॅटरी आठवते, फार तर वाळूजचे कारखाने. पण जगात दरवर्षी तयार होणाऱ्या २५ कोटी टनांहून अधिक गंधकाम्लापैकी निम्म्याहून जास्त खतासाठी, तेही मुख्यतः स्फुरदाच्या खतासाठी लागते. गंधकाम्लाच्या मागणीचा प्रश्न म्हणूनच आधी शेतीचा आहे. ही मागणी किती वाढली यापेक्षा त्या ॲसिडमधले गंधक शेवटी जाते कुठे, हे पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

कापसाचे बी हे शेती आणि गंधकाम्ल यांच्या नात्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. सरकीवर तंतूंची बारीक लव असते, त्यामुळे बिया एकमेकींना चिकटतात. ती लव काढण्यासाठी एक किलो बियाण्याला साधारण १०० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल प्लॅस्टिकच्या भांड्यात चोळतात. दोन-तीन मिनिटांत लव जळून बी कॉफीच्या रंगाचे, गुळगुळीत होते. मग लगेच भरपूर पाण्याने ते पुन्हा पुन्हा धुतात आणि वर तरंगणारे पोचट बी काढून टाकतात. तरीही बियाण्याला लागणारे ॲसिड खताच्या मानाने नगण्यच. खरा खप खडक फोडण्यात होतो. रॉक फॉस्फेटमधले स्फुरद पाण्यात विरघळत नाही आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो खडक नुसता दळून टाकला तर पिकाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली की स्फुरद विद्राव्य होते. जॉन लॉज यांनी इंग्लंडमध्ये १८४२ साली या कृतीचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला हाच उद्योग उभा केला.

पुढे या कृतीच्या दोन वाटा झाल्या. सिंगल सुपर फॉस्फेट करताना खडक आणि ॲसिड यांचे जे मिश्रण होते, तेच वाळवून गोणीत भरतात. त्यात १६ टक्के स्फुरद असते आणि ॲसिडमधून आलेले ११ टक्के गंधकही त्यातच राहते. डीएपीची, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटची, वाट वेगळी आहे. आधी खडकापासून फॉस्फोरिक ॲसिड काढायचे, मग त्याचा अमोनियाशी संयोग घडवायचा. फॉस्फोरिक ॲसिडच्या रूपात एक टन स्फुरद मिळवायला पावणेतीन टनांच्या आसपास गंधकाम्ल लागते आणि सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम मागे उरते. डीएपीच्या ५० किलोंच्या गोणीत २३ किलो स्फुरद असते. म्हणजे त्या एका गोणीमागे ६० किलोंहून अधिक गंधकाम्ल खर्च होते, गोणीच्या वजनापेक्षाही जास्त! त्यातले गंधक जिप्सममध्ये अडकून कारखान्याच्या ढिगावर जाते, आणि फॉस्फोरिक ॲसिड मोरोक्को किंवा जॉर्डनहून आले असेल तर तो ढीगही परदेशातच राहतो. तेवढेच स्फुरद सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून दिले तर ॲसिड थोडे कमीच लागते, पण सोबत सुमारे १६ किलो गंधक शेताला मिळते. नत्रासाठी २० किलो युरिया पुरतो.

कांद्याच्या पट्ट्यात हा फरक मोठा आहे. कांद्याचा तिखटपणा गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालयही या पिकाला गंधक देण्याची शिफारस करते. शेतकरी डीएपी टाकतो आणि गंधकाची वेगळी पिशवी विकत आणतो, तेव्हा कारखान्यात एकदा खर्च होऊन ढिगावर गेलेल्या गंधकाचीच भरपाई तो स्वतःच्या खिशातून करत असतो.

गंधक भरपूर आहे, मग काटकसर कशाला, असा एक आक्षेप असतो. आज ते मुबलक दिसते याचे कारण खनिज तेल आणि नैसर्गिक वायू. जगातले ८० टक्क्यांहून अधिक गंधक त्यांच्या शुद्धीकरणातून निघते. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आले आणि गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. इंधनातून काढलेले हेच गंधक ॲसिडच्या कारखान्यात जाते. तेलाचा वापर घटला की हा पुरवठाही घटेल. दुसरीकडे बॅटरीसाठी लागणारे निकेल, कोबाल्ट यांसारखे धातू खनिजातून काढायला गंधकाम्लच लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ साली मांडलेल्या अंदाजानुसार गंधकाम्लाची जागतिक मागणी २४.६ कोटी टनांवरून २०४० पर्यंत ४० कोटी टनांवर जाईल आणि १० ते ३२ कोटी टनांची तूट पडू शकेल. हा अंदाज आहे, भविष्यवाणी नव्हे. पण पुरवठा आटल्यावर काय होते हे आपण पाहिले आहे. तुतिकोरिनचा तांबे शुद्धीकरणाचा कारखाना २०१८ साली बंद झाला, तेव्हा त्याचे उपउत्पादन असलेले गंधकाम्लही थांबले आणि दक्षिणेत त्याचे भाव चढले. ओढाताण झालीच, तर बॅटरीचा उद्योग जेवढी किंमत मोजू शकतो, तेवढी कांदा उत्पादकाला मोजता येणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो रास्त आहे. एका गोणीच्या जागी तीन गोण्या म्हणजे भाडे, हमाली आणि टाकायची मजुरी वाढली. सुपर फॉस्फेटच्या दर्जाबद्दल तक्रारीही असतात. म्हणून सगळीकडे डीएपी सोडा, असे मी म्हणणार नाही. जिथे माती परीक्षणात गंधक कमी दिसते आणि पीक कांद्यासारखे किंवा गळिताचे आहे, तिथे सुपर फॉस्फेटला पहिला मान मिळावा, एवढेच म्हणणे आहे. सेंद्रिय शेतीने ॲसिडची गरजच संपेल, असेही काही जण म्हणतात. शेणखत आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांचा उपयोग निश्चित आहे, कारण चुनखडीच्या जमिनीत टाकलेले बरेच स्फुरद अडकून पडते. त्याने खताची मात्रा कमी होईल, होऊ द्यावी. पण दर हंगामात कांद्याबरोबर जे स्फुरद बाजारात जाते, त्याची भरपाई कुठून तरी करावीच लागेल.

हा बदल शेतकऱ्याच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडता येणार नाही. एप्रिल २०१० पासून देशात अन्नद्रव्यावर आधारित खत अनुदान आहे. त्यात गंधकाचाही समावेश आहे, पण त्याचा किलोमागचा दर नत्र-स्फुरदाच्या मानाने किरकोळ आहे. तो वाढवावा, सुपर फॉस्फेटच्या वाहतुकीचा भार हलका करावा, त्याच्या नमुन्यांची तपासणी कडक करावी आणि माती परीक्षणाच्या अहवालात गंधकाचा आकडा नेहमी यावा. ॲसिड आपण वापरणारच आहोत. मग पैसे मोजून आणलेल्या त्यातल्या गंधकाने लासूरच्या कांद्यापर्यंत पोचलेच पाहिजे, हा आग्रह शेतकऱ्याने आणि सरकारने दोघांनीही धरायला हवा.