निकाल लागेपर्यंत ताट झाकून ठेवू नका!

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेची मतमोजणी सुरू होती. सकाळी दहाच्या सुमारास दवाखान्यात औषधांपेक्षा निकालाचीच चर्चा जास्त. तेवढ्यात न्यू जर्सीहून फोन आला. माझे जुने रुग्ण, एक निवृत्त गुरुजी, मुलाकडे गेले होते. मुलगा घाबरला होता. "डॉक्टरकाका, बाबांना दरदरून घाम सुटलाय, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध झालंय. त्यांचा उमेदवार मागे पडला, त्याचा धक्का बसला की काय?"

तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी विचारले, "जेवले का?" मागून सूनबाई म्हणाल्या, "मधुमेहाची गोळी नऊला घेतली. पण मोजणी सुरू झाली आणि ताट तसंच राहिलं."

रोग कळला. घरी साखर तपासायचे यंत्र होते. आकडा आला ५२. गुरुजी शुद्धीवर होते, गिळता येत होते. म्हणून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायला सांगितले. पंधरा मिनिटांनी साखर ७८ झाली. मग पोळी-भाजी खायला लावली आणि रात्रीतून पुन्हा तपासायला सांगितले; कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. गुरुजींचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, आता कितवी फेरी?"

त्यांची तगमग मी समजू शकतो. २० तारखेचे मतदान हुकले होते. परदेशात असलेल्याला मत द्यायचे तर गावच्या केंद्रावर स्वतः यावे लागते. मत देता आले नाही, निदान निकाल तरी पाहू, असे वाटणारच.

पण वाचकहो, मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. मन गावाकडच्या घड्याळावर असले, तरी पोट तिथल्या घड्याळावर चालू द्या. जेवण समोर आल्याशिवाय ही गोळी घेऊ नका. घाम, थरथर, धडधड किंवा बरळणे दिसले, तर आधी साखर तपासा. यंत्र नसेल तर साखरपाणी द्या. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

आणि रात्रभर जागू नका. निकाल सकाळीही तोच असतो!