पार्किंगचा दंड : भरावा केव्हा, हरकत घ्यावी केव्हा?

बाजारपेठेत दुकान असो वा गल्लीत कारखाना, माल आणायला-पोहोचवायला टेम्पो किंवा स्कूटर लागतेच आणि गाडी उभी करायला जागा मिळत नाही. मग एखाद्या दिवशी मोबाईलवर ई-चलान येते. आपले बहुतेक व्यापारी व कारागीर बांधव "कोण कचेरीच्या चकरा मारणार" म्हणून पैसे भरून मोकळे होतात. चूक आपली असेल तर तेच योग्य. परंतु चलान चुकीचे असेल तर भरण्यापूर्वी थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

याचे कारण कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे दंडाची तडजोड रक्कम भरली की प्रकरण मिटले असे समजले जाते. म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मागाहून भांडायचे, हा मार्ग उरत नाही. हरकत घ्यायची असेल तर ती पैसे भरण्यापूर्वीच घेतली पाहिजे.

दुसरी गोष्ट रकमेची. पार्किंगच्या गुन्ह्याला बहुधा कलम १७७ लागते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्यात पहिल्या वेळी १०० आणि पुन्हा झाल्यास ३०० रुपयांपर्यंत दंड होता. आता तो अनुक्रमे ५०० आणि १,५०० रुपयांपर्यंत आहे. रोज मालाची ने-आण करणाऱ्याच्या नावावर एक चुकीचे चलान मुकाट्याने भरले गेले, तर पुढचे चलान दुसऱ्या वेळचे धरले जाण्याचा संभव असतो. गाडी उचलून नेली असेल तर कलम १२७ प्रमाणे तो खर्चही मालकावरच पडतो.

हरकतीला जोर कशाने येतो? चलानावरील गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो नीट ताडून पाहा. फोटोतली गाडी आपलीच आहे का? नंबर वाचण्यात चूक झाली आहे का? सम-विषम तारखेच्या रस्त्यावर त्या दिवशी आपलीच बाजू मोकळी होती का? मनाईचा फलक तेथे होता का, की तो झाडाआड किंवा दुकानाच्या छपराआड गेला होता? फलकही ओळखता यावेत. निळ्या वर्तुळावर एकच तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. लाल फुली असेल तर थांबण्यासच मनाई.

मात्र "पाचच मिनिटे उभी होती" किंवा "सगळेच उभी करतात" हे बचाव टिकत नाहीत. पदपथावर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर किंवा उभ्या गाडीला लागून दुसऱ्या रांगेत गाडी लावली असेल, तर फलक नव्हता म्हणूनही सुटका होत नाही.

आता कृती. त्याच दिवशी जागेचे, फलकाचे व रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. मालाची पावती, डिलिव्हरी चलान, पे-अँड-पार्कची पावती जपून ठेवावी. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे त्यातूनच दाखवता येते. मग वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर चलान क्रमांकासह तक्रार नोंदवावी, किंवा वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्ज चार ओळींचा, मुद्द्याचा असावा. मुदतीचे नियम बदलत असतात. तेव्हा चलानावर किंवा नोटिशीत जी मुदत लिहिली असेल ती पाळावी.

तक्रार फेटाळली गेली तर मॅजिस्ट्रेटचे कोर्ट आहे. तेथे गुन्हा कबूल नाही असे सांगता येते. मग तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. लोक अदालतीची नोटीस आली तर एक भेद ध्यानात ठेवावा. लोक अदालत तडजोडीसाठी असते, निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे. आणि तेथील निवाड्यावर अपील नाही. तडजोड मान्य नसेल तर तसे सांगण्याचा हक्क आपणास आहे.

ज्यांनी गाडी विकली पण आरसी बुक नावावर करून दिले नाही, त्यांनी विशेष जपावे. चलान कागदोपत्री मालकाच्याच नावे येते. पगारी ड्रायव्हर असेल तर कोणत्या दिवशी गाडी कोणाकडे होती याची वही ठेवावी. कारण पोलिसांनी विचारल्यास कलम १३३ प्रमाणे चालकाची माहिती मालकाला द्यावी लागते. आपलाच नंबर लावून दुसरी गाडी फिरत असल्याचे फोटोवरून दिसले, तर विलंब न लावता पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

शेवटी एक सावधगिरी. चलानाच्या नावाने खोटे संदेशही येतात. त्यातील लिंक उघडू नये, कुठलीही फाईल मोबाईलवर घेऊ नये. सरकारी संकेतस्थळाचे नाव स्वतः टाकून गाडीच्या नंबरावर चलान खरोखर आहे का ते पाहावे, आणि मगच भरायचे की लढायचे ते ठरवावे.