तीळ आणि तळवा : मेलॅनोमाचे निदान

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून उद्भवणारा मेलॅनोमा हा कर्करोग पुष्कळदा साध्या तिळासारखा दिसतो. १९८५ साली न्यूयॉर्कच्या तज्ज्ञांनी त्याची चार लक्षणे सांगितली : दोन्ही बाजू विषम, कडा वेड्यावाकड्या, रंग संमिश्र आणि व्यास ६ मिलिमीटरहून अधिक. ही लक्षणे मुख्यतः गोऱ्या त्वचेस अनुलक्षून आहेत. सावळ्या वा काळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उद्भवतो आणि कुरूप अथवा जुनी जखम समजून दुर्लक्षिला जातो. तळव्यावरील डाग डर्मोस्कोपमधून पाहताना रंग रेषांच्या खाचांत असल्यास तो बहुधा निरुपद्रवी तीळ असतो. कंगोऱ्यांवर असल्यास संशय बळावतो.

दृष्टीची धाव मात्र संशयापर्यंतच. निर्णय बायॉप्सीचा. शक्य तेथे संपूर्ण डाग भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात; वरवर खरवडलेल्या तुकड्यात खोलीचा पत्ता लागत नाही, आणि महत्त्व तर खोलीलाच आहे. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये गाठीची जाडी मोजली, ०.७६ मिलिमीटरहून पातळ गाठी असलेल्या त्यांच्या रुग्णांत रोग पुन्हा उद्भवला नाही वा पसरलाही नाही.